रत्नागिरीहून दुबई: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

दुबई किती लांब आहे, असे रत्नागिरी, राजापूर, दापोली किंवा श्रीवर्धन या भागात कोणालाही विचारले, तर उत्तर किलोमीटरमध्ये न येता तासांमध्ये येते आणि प्रत्येकाचे तास वेगळे असतात. तिकीट हातात धरून बसलेला मुलगा सांगतो की पावणेदोन तास. चार वेळा जाऊन आलेला त्याचा मामा म्हणतो की तीन तासांच्या वर. आणि पहिल्यांदाच मुलाकडे जाऊन आलेली आई सांगते की घरातून निघाल्यापासून पूर्ण रात्र आणि वर थोडा दिवस. यातले कोणीही खोटे बोलत नाही. मुलाने दोन शहरांच्या घड्याळांची वजाबाकी केली आहे, मामाने विमानातला वेळ सांगितला आहे आणि आईने उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा. या तिन्ही आकड्यांचा हिशेब कसा मांडायचा, ते मुंबई ते दुबई या मार्गाचे उदाहरण घेऊन येथे दाखवले आहे. हीच रीत मस्कत, कुवेत, सिंगापूर किंवा आशियातल्या कोणत्याही दोन शहरांना लागू पडते.

अंतर काढणे

विमानाचे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी, दोन विमानतळांमधली सर्वांत आखूड वाट. ती काढण्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश लागतात. मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, ज्याला आपल्याकडे जुनी माणसे अजून सहारच म्हणतात, तो १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे. दुबईचा जुना आणि मुख्य विमानतळ २५.२५ अंश उत्तर आणि ५५.३६ अंश पूर्व येथे आहे. मोबाइलवरच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरले की हे आकडे दिसतात.

आकडे उतरवून घेताना एक चूक फार जण करतात, आणि मीही ती केली आहे. जुन्या नकाशासंग्रहात मुंबईचा अक्षांश १९ अंश ५ मिनिटे असा छापलेला असतो. एका अंशात ६० मिनिटे असतात, त्यामुळे ५ मिनिटे म्हणजे ०.०८ अंश होतात. मी मात्र ते सरळ १९.५ असे लिहून बसलो होतो. कागदावर ही चूक क्षुल्लक दिसते, परंतु त्यामुळे मुंबई जवळजवळ ४५ किलोमीटर उत्तरेला सरकते, म्हणजे हिशेबापुरता आपला विमानतळ सहारहून उठून थेट वसईच्या खाडीपलीकडे जातो. म्हणून मिनिटांना आधी ६० ने भागावे आणि मगच पुढे जावे.

आता उत्तर-दक्षिण फरक पाहू. २५.२५ मधून १९.०९ वजा केले की ६.१६ अंश उरतात. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही सुमारे १११ किलोमीटरचा असतो, त्यामुळे हा फरक ६८४ किलोमीटर होतो. पूर्व-पश्चिम फरक ७२.८७ वजा ५५.३६, म्हणजे १७.५१ अंश आहे. पण येथे थेट १११ ने गुणून चालत नाही. रेखांशाच्या रेषा भोपळ्यावरच्या उभ्या चिरांप्रमाणे टोकाकडे एकत्र येतात, आणि विषुववृत्तावर एका अंशाची जी रुंदी असते ती उत्तरेकडे कमी कमी होत जाते. ती किती कमी झाली हे अक्षांशाच्या कोज्येवरून, म्हणजे कॅल्क्युलेटरवरच्या cos वरून, कळते. मुंबई आणि दुबई यांच्या अक्षांशांची सरासरी सुमारे २२ अंश आहे आणि २२ अंशांची कोज्या ०.९३ च्या जवळ आहे, म्हणून या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०३ किलोमीटरचा भरतो. कॅल्क्युलेटरमध्ये कोज्येची कळ नसेल तर १५ अंशांसाठी ०.९७, २० साठी ०.९४, २५ साठी ०.९१ आणि ३० साठी ०.८७ हे आकडे लक्षात ठेवले तरी आपले काम भागते. १७.५१ गुणिले १०३ म्हणजे सुमारे १,८०४ किलोमीटर.

आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हाताशी आल्या. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. उत्तर साधारण १,९३० किलोमीटर येते. पृथ्वी गोल धरून त्रिकोणमितीच्या पूर्ण सूत्राने काढलेले अंतर १,९२६ किलोमीटर आहे. आठवीच्या गणिताने काढलेल्या उत्तरात चार किलोमीटरचा फरक पडला, आणि एवढा फरक विमान उतरण्यापूर्वी एक घिरटी घालते तेव्हाही पडतो. वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत. ते सागरी मैल वापरतात, जो आपल्या मिरकरवाड्याच्या तांडेलालाही ठाऊक असतो. १.८५२ किलोमीटरचा एक सागरी मैल धरला की हे अंतर १,०४० सागरी मैल होते.

ही सोपी रीत दोन-तीन हजार किलोमीटरपर्यंत भरवशाची आहे. मुंबई ते टोकियो असे लांबचे अंतर काढायला गेलो, तर त्रिकोणाच्या हिशेबाने ६,९०० हून अधिक किलोमीटर येतात आणि खरे अंतर ६,७८० च्या आसपास आहे, कारण लांब पल्ल्यावर आखूड वाट सपाट नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा बरीच उत्तरेकडे वाकते. अशा वेळी शाळेतला पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा हे उत्तम साधन आहे. दोरा दोन शहरांमध्ये ताणून धरावा, चिमटीत पकडून पट्टीवर मोजावा. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो, आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्याने दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर होतात. मुंबई ते दुबई हा दोरा जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा होतो आणि टोकियोचा सोळा. दोरा ताणलेला असताना तो कोणकोणत्या देशांवरून जातो हेही दिसते, आणि पुढे त्याचा उपयोग आहे.

याच रीतीने मुंबईहून मस्कत सुमारे १,६०० किलोमीटर, कुवेत सुमारे २,७५० आणि सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर येते.

अंतरावरून वेळ काढणे

या मार्गावर उडणारी, आसनांमध्ये चालायला एकच मार्गिका असलेली लहान विमाने उंचीवर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातात. दोन मार्गिकांची मोठी विमाने ९०० च्या जवळ. १,९२६ ला ८३० ने भागले तर दोन तास वीस मिनिटेही होत नाहीत. तिकिटावर मात्र तीन तास दहा मिनिटे दिसतात. ही वरची पन्नास मिनिटे विमान कंपनीने उगाच धरलेली नसतात.

पहिली गोष्ट अशी की तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतो. विमान फाटकावरून मागे ढकलले जाते तेव्हापासून ते पलीकडच्या फाटकावर चाकांना अडण्या लागेपर्यंतचा तो असतो. मुंबईच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांगेत पंधरा-वीस मिनिटे जाणे नेहमीचेच असते. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसते, त्याची दहाएक मिनिटे आणि उतरल्यावर फाटकापर्यंत पोहोचण्याची पाच-दहा मिनिटे मिळून पस्तीस मिनिटांची स्थिर भर धरावी. ही भर प्रवास लांबला म्हणून वाढत नाही, आणि म्हणूनच मुंबई ते गोवा हे छोटे उड्डाणही तिकिटावर तासाच्या वर दिसते.

दुसरी गोष्ट वाट. विमान दोऱ्यासारखे सरळ जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गांवरून, नियंत्रण कक्षाने दिलेल्या टप्प्यांवरून जाते. मुंबई ते दुबई हा मार्ग जवळजवळ सगळा अरबी समुद्रावरून आणि मग ओमानच्या बाजूने जात असल्याने तो फारसा वाकडा नाही, तरी अंतरात चार टक्के भर धरून २,००० किलोमीटर मानावेत. दिल्लीचे तसे नाही. दिल्ली ते दुबई दोरा ताणला तर तो पाकिस्तानवरून जातो, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली तेव्हा तिथल्या उड्डाणांना खाली समुद्राकडून वळसा घ्यावा लागला. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असेच घडले होते. त्या दोन्ही वेळी दिल्लीकरांचा प्रवास लांबला आणि मुंबईहून दुबईला जाणाऱ्यांना त्याची झळ फारशी लागली नाही, ती या दोऱ्यामुळेच.

तिसरी गोष्ट वारा. हिवाळ्यात उत्तर भारत आणि आखाताच्या डोक्यावर, विमाने ज्या उंचीवर उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो जाताना समोरून येतो आणि येताना पाठीवर घेतो. धरा की हा वारा आपल्या मार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा आहे. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ७८० उरतो, २,००० ला ७८० ने भागले की दोन तास चौतीस मिनिटे येतात, आणि पस्तीस मिनिटांची भर घातली की तीन तास नऊ मिनिटे. येताना वेग ८८० होतो, उड्डाण दोन तास सतरा मिनिटांत आटोपते आणि एकूण दोन तास बावन्न मिनिटे होतात. तिकिटावर जाण्याचा वेळ येण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटांनी जास्त का असतो, ते येथे उलगडते. पावसाळ्यात हा वारा उत्तरेकडे सरकतो आणि दोन्ही दिशांच्या वेळांतला फरक कमी होतो.

थोडक्यात रीत अशी: अंतरात चार टक्के मिळवावेत, पश्चिमेला जाताना ७८० ने आणि पूर्वेला जाताना ८८० ने भागावे, आणि पस्तीस मिनिटे घालावीत. कुवेतसाठी हीच रीत लावली तर जातानाचे सव्वाचार तास येतात.

घड्याळांचा हिशेब

भारताचे घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. दुबई आणि मस्कत चार तास पुढे आहेत, कुवेत, कतार आणि सौदी अरेबिया तीन तास, तर सिंगापूर आठ तास. म्हणजे दुबई आपल्या दीड तास मागे, कुवेत अडीच तास मागे आणि सिंगापूर अडीच तास पुढे. आखाती देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करण्याची पद्धत नाही, त्यामुळे हे फरक वर्षभर तेच राहतात. सूर्याच्या हिशेबाने पाहिले तर मुंबई आणि दुबई यांच्यात साडेसतरा अंशांचा फरक आहे आणि दर अंशाला चार मिनिटे धरता तो सत्तर मिनिटांचा भरतो. घड्याळे मात्र नव्वद मिनिटांचा फरक दाखवतात, कारण ती सूर्यावर चालत नसून प्रत्येक देशाने निवडलेल्या रेखावृत्तावर चालतात.

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची छापतात. समजा मुंबईहून पहाटे ४:३० ला विमान निघते आणि दुबईला ६:१० ला पोहोचते. नुसती वजाबाकी एक तास चाळीस मिनिटे देते आणि सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचे पावणेदोन तास येथून येतात. दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळावर आणाव्यात. दुबईचे ६:१० म्हणजे आपले ७:४०. त्यातून ४:३० वजा केले की तीन तास दहा मिनिटे. परतीला दुबईहून रात्री १० ला निघालेले विमान मुंबईला २:२५ ला उतरते, तेव्हा वजाबाकी चार तास पंचवीस मिनिटे दाखवते. दुबईचे रात्रीचे दहा म्हणजे आपले साडेअकरा, म्हणून खरा वेळ दोन तास पंचावन्न मिनिटे. लक्षात ठेवायला एवढे पुरे की पश्चिमेला जाताना फरक मिळवायचा आणि पूर्वेला येताना वजा करायचा.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांची तारीख हा या सगळ्यातला सर्वांत महागात पडणारा भाग आहे. माझ्या भाच्याच्या पहिल्या तिकिटावर १४ तारीख आणि ००:५० अशी वेळ होती. घरात सगळ्यांनी १४ तारखेची रात्र धरली. गाडीवाल्याला १४ ला दुपारी सांगून ठेवले, काकूने १३ ला संध्याकाळी कुळथाचे पीठ दळायला दिले, आणि त्याच रात्री जेवताना कोणीतरी तिकीट पुन्हा वाचले तेव्हा विमान सुटायला चार तास उरले होते. रत्नागिरीहून चार तासांत सहार गाठता येत नाही, त्यामुळे दुसरे तिकीट काढण्याशिवाय पर्याय राहिला नाही. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेतले तिकीट असेल, तर कॅलेंडरवर आदल्या तारखेच्या चौकटीत "आज रात्री निघायचे" असे पेनाने लिहावे. आखातात जाणारी पुष्कळ विमाने नेमकी याच वेळेत सुटतात.

घरापासून घरापर्यंत

विमानातला वेळ पंधरा मिनिटांच्या फरकाने सांगता येतो. रत्नागिरी ते सहार हा वेळ तसा सांगता येत नाही. रत्नागिरी ते मुंबई हवेतून अंतर काढले तर २४० किलोमीटरही भरत नाही. रस्त्याने ते साडेतीनशेच्या घरात जाते, आणि त्या साडेतीनशेत परशुराम घाट, कशेडी, माणगावची कोंडी आणि वडखळ एवढे सगळे येते. म्हणून हिशेब विमानापासून उलटा मांडावा.

विमान पहाटे ४:३० चे आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते, म्हणजे १:३०. सामान घेणारी खिडकी साधारण विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते आणि ती बंद झाली की विमान समोर उभे असले तरी उपयोग नाही, म्हणून या तीन तासांना हात लावू नये. रस्त्याला जेवणासकट नऊ तास धरावेत आणि त्यावर दीड तासाची राखीव मोकळीक ठेवावी. १:३० मधून साडेदहा तास मागे गेले की दुपारचे ३ वाजतात. ही निघण्याची वेळ झाली. जून ते सप्टेंबर या काळात मोकळीक दीडऐवजी चार तासांची करावी, आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात किंवा गौरी-विसर्जनानंतरच्या परतीच्या गर्दीत शक्य असेल तर आदल्याच दिवशी ठाण्या-पनवेलच्या नातेवाइकाकडे मुक्कामाला जावे.

कोकण रेल्वेने सहा-सात तासांत ठाणे गाठता येते आणि तिथून सहारला रिक्षा-टॅक्सी मिळते. रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश चालवतात आणि निघण्याच्या वेळाही बदलतात. मे महिन्यात पाहून ठेवलेली वेळ जुलैत वापरू नये. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड आली आणि गाड्या जवळपास दिवसभर अडकल्या. अशा दिवशी ज्याने फक्त गाडीच्या वेळेवर विसंबून हिशेब केला होता त्याचे विमान गेले, मग त्याचे अंतराचे गणित कितीही बरोबर असो.

सावंतवाडी, बांदा, कुडाळ इकडच्या माणसाने मोपाचा, म्हणजे उत्तर गोव्यातल्या विमानतळाचाही विचार करावा. मोपा ते दुबई अंतर वरच्याच रीतीने सुमारे २,१९५ किलोमीटर येते, म्हणजे मुंबईपेक्षा २७० किलोमीटर जास्त. विमानात वीस मिनिटे अधिक बसावे लागेल, पण बांद्याहून मोपा अर्ध्या तासावर आहे. सोयीच्या दिवशी थेट विमान मिळत असेल तर ही वीस मिनिटे कोणीही आनंदाने देईल. मुंबईत विमान बदलून जाणारे तिकीट असेल तर मात्र मधल्या थांब्याचे तास मोजूनच ठरवावे, कारण तीन-चार तासांच्या थांब्यात सगळी बचत संपते. नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाल्यापासून तिकिटावर "मुंबई" वाचून भागत नाही. कोणता विमानतळ आणि कोणते टर्मिनल, हे गाडीवाल्याला निघण्यापूर्वी सांगावे. आपल्या बाजूने जाणाऱ्याला पनवेलजवळचा हा विमानतळ सहारच्या बराच अलीकडे पडतो, त्यामुळे तिथून विमान असेल तर निघण्याची वेळ तासभर उशिरा धरता येते.

पलीकडे दुबईत पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा आणि घरापर्यंतची टॅक्सी यांना मिळून दीड तास धरावा. वरच्या उदाहरणात प्रवासी तिथल्या ७:४० ला खोलीवर पोहोचतो, म्हणजे आपल्या ९:१० ला. आदल्या दिवशीच्या दुपारी ३ पासून मोजले तर अठरा तास दहा मिनिटे झाली, आणि त्यातले प्रत्यक्ष हवेतले अडीच.

घरी राहिलेल्या माणसांसाठी याच कागदावर आणखी एक वेळ लिहून ठेवावी. विमान आपल्या घड्याळाने ७:४० ला फाटकावर लागते, मोबाइलला तिथले नेटवर्क किंवा विमानतळावरचे वायफाय मिळेपर्यंत आणि पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत पाऊण तास सहज जातो, म्हणून साडेआठपर्यंत फोन आला नाही तरी काळजी करू नये.